वतन हवे, विधवा नको

शास्त्रभाग : रूथ, अध्याय १ ते ४

ह्या आठवड्याचा शास्त्रभाग म्हणजे रूथ हे संपूर्ण पुस्तक होय. संपूर्ण पुस्तक म्हटल्याबरोबर कित्येक प्रचारकबंधूंच्या कपाळास आठ्या पडतील. पण भिण्याचे कारण नाही. अध्याय चार आणि ओव्या अवघ्या ८५. अक्षर लावून वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचेही ते एका बैठकीत वाचून होते. शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील एकाने मोठ्याने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे, म्हणजे रविवारी पाठ घेणाऱ्यास आपले अर्धे काम झालेले आढळेल.

आमच्या मंडळ्यांत ह्या पुस्तकावर उपदेश होत नाहीत असे नाही. लग्नप्रसंगी होतात, सासवासुनांचा तंटा मिटविताना होतात. परंतु बहुधा ते पहिल्या अध्यायाच्या सोळाव्या ओवीपाशी थांबतात. रूथ आपल्या सासूस बिलगून राहिली, तिने फार सुंदर शब्द उच्चारले, तुम्हीही तसेच व्हा, असे सांगून उपदेशक खाली बसतो. शब्द सुंदर आहेत ह्यात संशय नाही. परंतु ते खरे करून दाखविण्यास काय किंमत पडते, हे समजण्यासाठी पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाकडून आत शिरलेले बरे. म्हणून आज आम्ही चौथ्या अध्यायापासून आरंभ करितो, आणि तोही अशा एका मनुष्यापासून की ज्याच्यावर उपदेश झालेला आम्ही कधी ऐकिला नाही.

बेथलेहेम गावाच्या वेशीत सकाळच्या प्रहरी बवाज येऊन बसला आहे. आपल्याकडे पूर्वी चावडीवर जी कामे चालत, ती त्या देशात वेशीत चालत असत. बवाज गावचे दहा वडील माणसे बोलावून बसवितो, आणि वाटेने जाणाऱ्या एका मनुष्यास हाक मारून थांबवितो. हा मनुष्य नामीच्या मृत नवऱ्याचा, म्हणजे अलीमलेखाचा, सर्वांत जवळचा आप्त आहे. इस्राएल लोकांचा असा नियम होता की, भाऊबंदांपैकी कोणी दरिद्री होऊन त्याला आपली जमीन विकावी लागली, तर जवळच्या आप्ताने ती सोडवून घ्यावी (लेवीय २५:२५). कारण वतन हे घराण्याचे असे, आणि ते परक्याच्या हाती जाऊ नये अशी देवाची इच्छा होती. बवाज त्याला सांगतो की, अलीमलेखाचे शेत आता नामी काढीत आहे. पहिला हक्क तुझा, तू घेतोस काय? तो मनुष्य तत्काळ होकार देतो. का न देईल? म्हातारी विधवा, पोटी मूल नाही, शेत आपल्या शेतास जोडले जाणार. व्यवहार चोख आहे.

तेव्हा बवाज पुढची गोष्ट सांगतो. ज्या दिवशी तू शेत घेशील त्या दिवशी मवाबी रूथ, जी मृताची विधवा, तिलाही पत्करावे लागेल, आणि तिला होणारा पुत्र मृताचे नाव त्याच्या वतनावर चालवील. हे ऐकताच तो मनुष्य मागे सरतो. त्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा. पैसा आपला जाणार. दोन बायकांचे पोट आपल्यावर पडणार. पुत्र झाला तर शेत त्याचे होणार व नाव मेलेल्याचे चालणार. वर आपल्या स्वतःच्या मुलांच्या वाट्यास कमी येणार. आपल्या वतनाची हानी होईल म्हणून मला हे करवत नाही, असे तो सर्वांसमक्ष सांगतो, पायातील वहाण काढून देतो आणि गोष्टीतून निघून जातो (रूथ ४:१–८).

आता आमच्या वाचकांनी ह्या मनुष्याकडे नीट पाहावे. तो लबाड नाही. त्याने नामीस फसविले नाही, खोटा कागद केला नाही, वडिलांपुढे खोटे बोलला नाही. त्याचा हिशेबही चुकलेला नाही. कोणा कारकुनाकडून तपासून घेतला असता तरी तोच निघाला असता. शास्त्र त्याला एक शब्दही वाईट बोलत नाही. फक्त त्याचे नाव लिहीत नाही. मूळ इब्री भाषेत बवाज त्याला हाक मारितो ती 'अमुक गृहस्था' अशा अर्थाच्या शब्दांनी. ज्या पुस्तकात मोलकऱ्यांवरील मुकादमाची दखल घेतली आहे, परत फिरलेल्या अर्पेचे नाव लिहिले आहे, पहिल्याच अध्यायात मरून गेलेल्या महलोन व खिल्योन ह्यांची नावे पुन्हा पुन्हा आली आहेत, त्यात आपले नाव आणि वतन राखावयास धडपडणारा हा एक गृहस्थ मात्र अमुक म्हणून राहिला.

त्याला वतन हवे होते. वतनाबरोबर येणारे माणूस नको होते. हा अमुक गृहस्थ बेथलेहेमातच राहिला असता तर आम्ही त्याच्यावर इतकी शाई खर्च केली नसती. पण तो आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहे. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे दहा खेपा घालणारा मुलगा आईला मात्र भावांमध्ये वाटून टाकितो. एक महिना ह्या घरी, एक महिना त्या घरी, आणि महिना एकतीस दिवसांचा असला तर शेवटच्या दिवशी म्हातारीने कोठे जेवावे ह्यावर बोलाचाली होते. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी भाऊ साडीचोळी घेऊन तिच्या दारी जातो, आणि सही झाल्यावर नाताळातसुद्धा तिला माहेरी आणावयाचे विसरतो. हे ख्रिस्ती घरांत होत नाही असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी आपल्या मंडळीतील म्हाताऱ्या बायकांपाशी थोडा वेळ बसावे.

मंडळीतही तो आहे. पंचकमिटीत जागा पाहिजे, देवळाच्या आवारातील जमिनीच्या कागदांवर सहीचा अधिकार पाहिजे, शाळेत मुलाला नोकरी पाहिजे. परंतु मंडळीच्या नोंदवहीत ज्या सात-आठ निराधार बाया आहेत, त्यांची नावे विचारिली तर सांगता येत नाहीत. कित्येक ठिकाणी देवळाच्या जागेवरून भावाभावांचे दावे वर्षानुवर्षे न्यायालयांत पडले आहेत, आणि तारखेस जाण्यायेण्यात जो खर्च झाला तेवढ्यात गावातील दोन पोरक्या मुलांचे शिक्षण झाले असते. ह्याविषयी येथे अधिक लिहीत नाही, कारण प्रत्येक पक्षास वाटते की हे दुसऱ्या पक्षाविषयी लिहिले आहे.

आता पहिल्या अध्यायाकडे वळू.

ह्या कथेचा आरंभ दुष्काळाने होतो, ही गोष्ट आमच्या लोकांच्या लक्षात विशेष राहावी. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या भाकरीच्या घरीच भाकर मिळेनाशी झाली, तेव्हा अलीमलेख बायकोमुलांस घेऊन मवाब देशात गेला. तो धर्मकार्यासाठी गेला नव्हता. पोटासाठी गेला होता. तेथे तो वारला. मुलांची लग्ने मवाबी मुलींशी झाली. पुढे दोन्ही मुलगे वारले. दहा वर्षांनंतर परमेश्वराने आपल्या लोकांस पुन्हा अन्न दिले असे ऐकून नामी परत निघाली. तेही भाकरीचे वर्तमान ऐकूनच. पोटासाठी गाव सोडणे ह्यात शास्त्र कोठेही लाज मानीत नाही.

लाजेचा शब्द आम्ही मुद्दाम काढिला. आमच्या वाडवडिलांस जो टोमणा ऐकावा लागला व आजही भांडणात कधी कधी ऐकू येतो, तो 'भाकरीचे ख्रिस्ती' हा होय. नगर शहरी अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. नंतरच्या काळात ह्या जिल्ह्यावर एकामागून एक दुष्काळ आले. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९६–९७ चा, आणि पाठोपाठ १८९९–१९०० चा, ज्याला जुनी माणसे छपन्नाचा दुष्काळ म्हणत. त्या दिवसांत मिशनने अन्न दिले, काम दिले, पोरकी मुले सांभाळिली. आणि त्या दिवसांत व त्यांच्या मागोमाग पुष्कळ कुटुंबे मंडळीत आली. त्यांत पोटासाठी आलेले होते काय? होते. हे नाकारण्यात आम्हांस काही भूषण वाटत नाही. उपाशी मनुष्य जेथे भाकर मिळेल तेथे जाईल; अलीमलेख गेला, याकोबाचे मुलगे मिसर देशी गेले.

परंतु टोमणा मारणाऱ्यास हिशेबाची दुसरी बाजू ठाऊक नसते. आमचे बहुतेक पूर्वज महारवाड्यांतले व मांगवाड्यांतले. गावकीच्या कामाबद्दल त्यांस बलुते मिळे, वतनाच्या जमिनीचा तुकडा असे. (ती वतने पुढे १९५८ च्या कायद्याने मोडली.) गावदेवाच्या यात्रेत ठरलेले काम करणार नाही असे ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने म्हटले, की कित्येक गावी त्याचे बलुते थांबे; भाऊबंद रोटीबेटी बंद करीत; मुलीस स्थळ मिळेना. दुष्काळ गेला, मिशनची कामे संपली, आणि गाव तर तेथेच होते. अशा वेळी जे परत फिरले त्यांस आम्ही दोष देत नाही. जे राहिले ते मात्र भाकरीसाठी राहिले असे कोणी म्हणू नये, कारण भाकर तर दुसऱ्या बाजूस होती.

अर्पा आणि रूथ ह्यांच्यातील भेद नेमका हाच आहे. नामीने दोघी सुनांपुढे खरा हिशेब मांडिला. मजपाशी आता मुलगे नाहीत, होणार नाहीत. माझ्याबरोबर येऊन तुम्हांस काही मिळावयाचे नाही. आपापल्या माहेरी जा, तेथे नवरा मिळेल, घर मिळेल. प्रचारकबंधूंनी ह्या म्हातारीपासून एक गोष्ट शिकावी. तिने कसलीही लालूच दाखविली नाही. माणूस आपल्याबरोबर यावे म्हणून नोकरी, शाळा, दवाखाना ह्यांची आशा लावून जो त्याला चालवितो, तो पुढे त्याच्या परत फिरण्याबद्दल कोणत्या तोंडाने रडणार? अर्पा रडली, सासूचे चुंबन घेऊन परत गेली. ती वाईट बाई नव्हती. उपदेशक तिला उगीच झोडपितात. शास्त्राने झोडपिलेले नाही. तिने सासूचेच सांगणे ऐकिले. रूथ मात्र काही मिळावयाचे नाही हे ऐकून घेतल्यावर राहिली.

आणि राहिल्यावर तिला काय मिळाले? ह्या ठिकाणी वाचकांनी फार सावकाश वाचावे. रूथने आपले शब्द उच्चारले, त्यावर नामीने तिला पोटाशी धरिले असे लिहिलेले नाही. ती बोलावयाची थांबली, इतकेच लिहिले आहे (१:१८). दोघी वाट चालून बेथलेहेमात पोहोचल्या. सारे गाव गलबलले. बाया विचारू लागल्या, ही नामीच काय? तेव्हा नामी म्हणाली की, मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणिले (१:२१). रिकामी! आणि शेजारी रूथ उभी आहे. जिने आईबाप, देश, देव, दुसऱ्या लग्नाची आशा, सर्व सोडिले, ती शेजारी उभी असता सासू साऱ्या गावासमोर म्हणते, माझ्याबरोबर काही नाही. रूथ त्यावर काय बोलली ते लिहिलेले नाही. बहुधा काहीच बोलली नाही. दुसऱ्या अध्यायात ती एवढेच विचारिते की, मी शेतात सरवा वेचावयास जाऊ काय?

आमच्या मताने ह्या पुस्तकातील प्रीतीची खरी कसोटी वाटेवर झाली नाही, ती येथे वेशीत झाली. माहेर सोडताना मनुष्याच्या अंगी एक बळ येते. पण आपण जे सोडिले ते कोणाच्या लक्षातही आले नाही, असे दिसल्यावर सकाळी उठून टोपली उचलावयाची, ह्यास निराळे बळ लागते. गावोगाव हिंडणाऱ्या प्रचारकास हे ठाऊक आहे. आजाऱ्याच्या उशाशी तो रात्रभर बसतो, आणि आजारी बरा झाल्यावर आभार डॉक्टरांचे मानितो. बायबलबाई दहा वर्षे एका वस्तीत जाते, आणि वार्षिक सभेत अहवाल वाचिला जातो त्यात तिचे नाव नसते. अशा वेळी अमुक गृहस्थाचा हिशेब आपल्या मनात हळूच डोके वर काढितो.

सरवा म्हणजे काय हे आमच्या बायांस सांगावयास नको. ज्वारीची कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचताना कंबर कशी धरिते, हे त्यांना शास्त्रपंडितांपेक्षा अधिक कळते. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा कापू नयेत व पडलेला सरवा गोरगरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा, असे सांगितले आहे (लेवीय १९:९–१०). रूथ संध्याकाळपर्यंत वेचीत राहिली. झोडपिल्यावर एक एफा जव निघाले, म्हणजे आपल्या वीस-बावीस लिटरच्या मापाइतके. पण आमचे मन दुसऱ्याच गोष्टीवर राहते. दुपारी बवाजाने तिला भाजलेले धान्य खावयास दिले होते. ती तृप्त होईपर्यंत जेवली व उरलेले तिने ठेविले. आणि घरी गेल्यावर ते काढून सासूस दिले (२:१४, १८). जी सासू कालपरवाच मी रिकामी आले असे म्हणाली होती, तिच्यासाठी.

आता ह्या जिल्ह्यातीलच एका घराकडे वळू, कारण बेथलेहेम दूर आहे असे कोणास वाटावयाचे. नारायण वामन टिळक ह्यांचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. त्यांची भजने म्हणतच आम्ही लहानाचे मोठे झालो. ते मूळचे कोकणातील करजगावचे, जन्म १८६१. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला व नंतर ते अहमदनगरास (ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) येऊन पाळक व उपदेशक होणाऱ्या विद्यार्थ्यांस शिकवू लागले. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. नोकरी होती, पगार होता, लेखक म्हणून महाराष्ट्रभर नाव होते. असे असता १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, जेव्हा मनुष्य पुढील सोय पाहू लागतो, तेव्हा त्यांनी मिशनची नोकरी व पगार दोन्ही सोडिली. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' म्हणून ख्रिस्तभक्तांचा एक मेळा काढिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही त्यात यावे अशी त्यांची इच्छा होती. पगारी मनुष्याच्या तोंडून आलेली सुवार्ता लोक पगारी म्हणूनच ऐकतात, हे शल्य त्यांच्या मनात पुष्कळ दिवस होते. पुढे दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस वारले. दरबाराविषयी तेव्हाच्या पुढाऱ्यांत मतभेद होते, आणि आजही विचारी माणसांत असू शकतील. परंतु सैतानाने ईयोबाविषयी जो प्रश्न विचारिला, की हा काय फुकट देवाचे भय धरितो? (ईयोब १:९), त्याला टिळकांनी आपल्यापुरते उत्तर दिले, ह्याविषयी मतभेद असू नये.

मात्र येथे एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती बहुधा बोलली जात नाही. पुरुष पगार सोडितो तेव्हा चूल कोणाची थंडावते? टिळकांच्या घरात पैसा कधीच टिकत नसे. घर मोठे, दार उघडे; पोरकी मुले, विद्यार्थी, वाटसरू, कवी, सर्वांस जागा. बालकवी ठोमरे पुष्कळ दिवस त्यांच्याच घरी घरच्यासारखे राहिले. ही सर्व उदारता टिळकांच्या नावावर जमा आहे, आणि ती त्यांची होतीच. पण पीठ कोठून आणावे ही चिंता लक्ष्मीबाईंची होती. ज्या निःस्वार्थीपणाची किंमत घरातील दुसऱ्या माणसास न विचारता त्याच्याकडून घेतली जाते, त्यास आम्ही पुरता निःस्वार्थीपणा म्हणावयास कचरतो. आमच्यातील उत्साही प्रचारकांनी हे वाक्य आपल्या बायकोस वाचून दाखवावे व ती काय म्हणते ते ऐकावे.

लक्ष्मीबाईंची हकीकत रूथच्या हकीकतीशी किती जुळते हे पाहून नवल वाटते. नवऱ्याने धर्म बदलिला तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होत्या, पदरी लहान मुलगा दत्तू. चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाईकांत राहिल्या. तेथे त्यांची जात होती, माणसे होती, मान होता. नवऱ्याकडे गेल्यास ह्यातील एकही गोष्ट उरणार नव्हती. तरी त्या मुलास घेऊन नगरास आल्या. ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नाहीत. आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी निराळे ठेवूनच आल्या. नवरा आहे म्हणून आल्या, इतकेच. राहुरीस असताना जातिभेदाविषयी त्यांनी स्वतःच विचार करून मनाचा निश्चय केला, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. रूथनेही आधी माणूस धरिले आणि त्या माणसाबरोबर देव धरिला. आम्ही सुशिक्षित लोक पहिल्याने मत पटवून देऊ पाहतो. देव कधी कधी ह्याच्या उलट वाटेने आणितो.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध लिहावयास घेतले होते, त्याचे नाव 'ख्रिस्तायन'. पहिले काही अध्याय झाले आणि ते वारले. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यापाशी झालेली. त्यांनी ते काम हाती घेतले व चौसष्ट अध्याय त्यात घातले. स्वतः त्या १९३६ साली वारल्या. कोणी म्हणेल, निराळा ग्रंथ लिहून आपले नाव का लाविले नाही? त्यांस ते येत होते. 'स्मृतिचित्रे' लिहून त्यांनी ते दाखविले, आणि मराठीत त्या पुस्तकाच्या तोडीची आत्मचरित्रे फार थोडी असतील. पण ह्या एका ग्रंथात त्या नवऱ्याने अर्ध्यावर टाकिलेल्या शेतात उतरल्या. बेथलेहेमच्या वेशीत अमुक गृहस्थ ज्या गोष्टीस भ्याला ती हीच होती. कष्ट आपले, घाम आपला, आणि वतनावर नाव मृताचे चालणार.

चौथ्या अध्यायाच्या शेवटी रूथला मुलगा होतो, तेव्हा शेजारणी काय म्हणतात ते पाहा. नामीला मुलगा झाला असे म्हणतात (४:१७). बाळंतपण रूथचे, मुलगा नामीचा! पुन्हा रूथचे नाव नाही. मात्र ह्या वेळी थोडा फरक आहे. त्याच शेजारणी त्याआधी नामीला म्हणतात की, तुजवर प्रीती करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे (४:१५). ज्या वेशीत नामी मी रिकामी आले म्हणाली होती, त्याच गावच्या बायांनी तिचा हिशेब दुरुस्त करून दिला. ते बाळ ओबेद. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा दावीद. आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर प्रभू येशूची वंशावळी देताना रूथ हे नाव घातले आहे. हे सर्व रूथला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असून तिने सरवा वेचिला असता, तर तोही एक प्रकारचा व्यवहारच झाला असता.

पाठ घेणाऱ्यास येथे एक शंका विचारिली जाईल, तिची तयारी ठेवावी. मग काय, पाळकांनी व प्रचारकांनी पगार घेऊ नये? शास्त्र असे सांगत नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असे प्रभूने म्हटले आहे (लूक १०:७), आणि पौलाने ते मंडळीच्या वडिलांस लाविले आहे (१ तीमथ्य ५:१७–१८). पौल स्वतः करिंथ येथे तंबू करून पोट भरीत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३), पण दुसऱ्यांनी घेऊ नये असे त्याने म्हटले नाही. मंडळ्यांनी ही ओवी प्रचारकास उपाशी ठेवण्यासाठी कधीही वापरू नये. सुगीच्या दिवशी धान्याचे अर्पण आणताना किडलेले पायलीभर देवळात व चांगले बाजारात, असे जेथे होते तेथे प्रचारकाच्या निःस्वार्थीपणावर बोलण्याचा अधिकार कोणास नाही. मजुरी घेण्यात दोष नाही. दोष कोठे उत्पन्न होतो ते योहान १०:१२–१३ मध्ये पाहावे. मोलकरी लांडगा येताना पाहून पळतो, कारण त्याला मेंढरांची काळजी नाही. मोलाने राखणारे पुष्कळ असतात. त्यांतला कोण काळजीने राखितो, हे लांडगा येईपर्यंत मालकालाही कळत नाही. दूरच्या, वीजपाण्याची सोय नसलेल्या वस्तीवर बदली आली, पगार दोन महिने थकला, किंवा मंडळीत दोन तट पडून बलवान तटाने गोड बोलणे लाविले, म्हणजे आमच्या दाराशी लांडगा आला असे समजावे.

पाठ देण्याची रीत आमच्या मते अशी असावी. पहिला अध्याय एखाद्या विधवा बाईकडून वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर तिने आपल्या शब्दांत सांगावा. ती उपदेशकापेक्षा चांगला सांगेल. चौथा अध्याय शेतकऱ्याकडून वाचून घ्यावा, आणि अमुक गृहस्थाच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, हे पुरुषांस विचारावे. घाईने उत्तर घेऊ नये. बवाजच झालो असतो असे सर्वच म्हणतील. तेव्हा बवाजास काय खर्च आला ते फळ्यावर मांडून दाखवावे. नंतर मंडळीच्या नोंदवहीतील निराधार माणसांची नावे मोठ्याने वाचावी, व ह्या आठवड्यात कोणाच्या घरी कोण जाणार हे तेथल्या तेथे ठरवून लिहून ठेवावे. लहान मुलांच्या वर्गास सरवा, खळे, वहाण काढून देणे ह्या गोष्टी करून दाखविता येतील. मुलांस त्या फार आवडतात.

पुढील आठवड्यासाठी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ओव्या १९ ते ३०, वाचून ठेवाव्या. त्यात तीमथ्य व एपफ्रदीत ह्या दोघांची हकीकत आहे.